मोन शाळांचा दाखला देण्याआधी

प्रति,
मेळघाट, गडचिरोली, नंदुरबार, पालघर अशा भागांत मुलांना घरच्या भाषेतून शिकवण्यासाठी झटणारे शिक्षक, कार्यकर्ते आणि ग्रामसभा,

सप्रेम जोहार.

मातृभाषेतल्या शिक्षणाबद्दल जगभर जे लिहिलं जातं, त्यात ब्रह्मदेशातल्या (म्यानमारमधल्या) मोन या अल्पसंख्य लोकांच्या शाळांचं उदाहरण हटकून येतं. सरकारचा विरोध, हाताशी पैसा नाही, दाराशी लढाई, आणि तरी पन्नास वर्षं मुलं आपल्या भाषेत शिकताहेत. आपल्या सभांत आणि निवेदनांत हे उदाहरण द्यावंसं वाटणं साहजिक आहे. जरूर द्या. फक्त ते बहुतेक वेळा अर्धंच सांगितलं जातं: 'त्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या.' उरलेला अर्धा भाग असा की, त्यांनी मुलाला स्वतःच्या भाषेतून दुसऱ्या भाषेत नेण्याची वाट आखली, आणि शेवटी त्याच्या हातात बाहेरच्या जगात चालणारा कागद पडेल अशी तजवीज केली. हे पत्र त्या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल आहे.

ब्रह्मदेश म्हटलं की मराठी माणसाला टिळकांचं मंडाले आठवतं, नाहीतर रत्नागिरीचा थिबा राजवाडा. दोन्ही नावं वरच्या, बर्मी भाषकांच्या ब्रह्मदेशाशी जोडलेली. मोन लोक तिथून पुष्कळ दक्षिणेला, अंदमान समुद्राच्या काठानं राहतात: मौलम्याईन (इंग्रजी अमदानीतलं मोलमेन), मुडोन, थानब्यूझायत, ये. काही थायलंडमध्ये. भाषा बोलणारे आठ-दहा लाखांच्या घरात.

मेळघाटातल्या मंडळींसाठी यात एक घरचा धागाही आहे. मोन आणि कोरकू या एकाच ऑस्ट्रोएशियाटिक कुळातल्या भाषा. कोरकूत दोनला 'बारी', तीनला 'अपई', चारला 'उपून' म्हणतात (गावागणिक उच्चार थोडा सरकतो). मोनमध्ये त्याच आकड्यांना साधारण 'बा', 'पी', 'पन' म्हणतात. वाटा फुटून हजारो वर्षं झाली, कोरकू आजीला मोन बोलणं कळणार नाही. पण आकडे अजून ओळख देतात.

एक फरक मात्र आधीच मान्य करायला हवा. मोन ही उशिरा लिहिती झालेली भाषा नव्हे. थायलंडमध्ये सापडलेले तिचे शिलालेख साधारण सहाव्या शतकापासूनचे आहेत. बगान या जुन्या बर्मी राजधानीजवळचा म्याझेदीचा शिलास्तंभ 1113 च्या सुमाराचा. त्याच्या चार बाजूंवर पाली, प्यू, मोन आणि बर्मी अशा चार भाषांत एकच मजकूर कोरला आहे. बर्मी लिपी मोन लिपीवरूनच आली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. बगो या शहराचं मोन राज्य म्हणजे हंसावती. त्या गादीवर पंधराव्या शतकात शिन सोबू ही राणी बसली होती. 1757 मध्ये अलाउंगपाया या बर्मी राजानं बगो घेतलं, मोन राज्य संपलं आणि हजारो मोन सयामकडे (आजच्या थायलंडकडे) पळाले. त्यांच्या झेंड्यावर आजही उडता हंस आहे, आणि हंसावतीच्या स्थापनेची आठवण म्हणून पाळला जाणारा मोन राष्ट्रीय दिन साधारण आपल्या माघ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येतो. पाठीशी इतकी जुनी लिपी आणि विहारांतून चालत आलेलं लेखन असलं की पहिलं पुस्तक लिहिणं सोपं जातं. कोरकूला तशी लिखित परंपरा नाही, आणि गोंडी कोणत्या लिपीत लिहायची यावर अजून एकमत नाही. मोनांचं यश मोजताना ही जमा बाजू विसरू नये.

आता शाळांकडे येऊ. 1948 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हापासूनच मोन आणि रंगूनचं सरकार यांचं जमलं नाही. 1958 मध्ये नाय श्वे चिन यांनी न्यू मोन स्टेट पार्टी काढली. हा पक्ष हत्यारबंद आहे. 1962 च्या लष्करी उठावानंतर बर्मी हीच शाळेची एकमेव भाषा झाली. 1974 च्या राज्यघटनेनं 'मोन राज्य' नावाचं राज्य दिलं. नाव मिळालं, भाषा नाही. त्याआधीच, 1972 पासून, पक्षानं आपल्या ताब्यातल्या भागात शाळा सुरू केल्या होत्या. 1992 मध्ये त्यांच्यासाठी मोन राष्ट्रीय शिक्षण समिती झाली, आणि 29 जून 1995 ला सरकारशी शस्त्रसंधी झाल्यावर या शाळा पक्षाच्या हद्दीबाहेर, सरकारी हद्दीतल्या मोन गावांतही पसरल्या. 2010 च्या दशकात दीडशेच्या आसपास मोन राष्ट्रीय शाळा आणि शंभराहून जास्त मिश्र शाळा होत्या. मिश्र शाळा म्हणजे सरकारी शाळाच, पण तिथे मोन शिकवणारा शिक्षक समितीचा.

रचना अशी. प्राथमिकची पाच वर्षं गणितापासून सगळं मोनमधून. बर्मी आणि इंग्रजी त्या काळात विषय म्हणून. पुढे माध्यमिकला माध्यम बर्मी होतं, पुस्तकं सरकारी येतात, आणि मोन भाषा व मोन इतिहास हे विषय म्हणून चालू राहतात. ये तालुक्यातल्या न्यीसारच्या हायस्कुलापर्यंत पोचलेली मुलं शेवटी सरकारी मॅट्रिकलाच बसतात. प्राथमिकची मोन पुस्तकंसुद्धा मुख्यतः सरकारी अभ्यासक्रमाची भाषांतरं आहेत, त्यांत स्वतःच्या भाषेची आणि इतिहासाची भर घातलेली.

हे वाचून आपल्यातल्या काहींचा हिरमोड होईल. बंडखोर पक्षाच्या शाळा, आणि पुस्तकं सरकारचीच भाषांतरित? पण यातच त्यांचं शहाणपण आहे असं आमचं मत. शेजारच्या करेन लोकांनी दुसरी वाट धरली. त्यांच्या संघटनेच्या भागातल्या शाळांनी अभ्यासक्रमही पूर्ण स्वतःचा केला. भाषेच्या दृष्टीनं तो अधिक स्वतंत्र, पण त्या शाळेचं प्रमाणपत्र देशातल्या कॉलेजात चालत नव्हतं, आणि मधूनच सरकारी शाळेत जाऊ पाहणाऱ्या मुलाला खालच्या वर्गात बसावं लागे. निर्वासित छावण्यांत वाढणाऱ्या मुलांना त्याची झळ लगेच लागली नाही. शेतावर परत येऊन तालुक्याच्या गावी शिकू पाहणाऱ्यांना लागली. मोन मुलगा मात्र मोनमधून पाटी गिरवून मॅट्रिकला बसू शकत होता. म्हणून सरकारी हद्दीतले आईबापही, ज्यांना पक्षाशी काही देणंघेणं नव्हतं, मुलं मोन शाळेत घालू लागले. भाषेच्या प्रेमावर पहिल्या वर्षी पट भरतो. पाचव्या वर्षी तो भरायला पुढची वाट दिसावी लागते.

ही सोय फुकट मिळत नाही. सरकारनं अभ्यासक्रम बदलला की भाषांतराचं काम पहिल्यापासून. 2016-17 मध्ये ब्रह्मदेशात नवा बालवर्ग आला, 2017-18 मध्ये नवी पहिली, आणि मग दर वर्षी एकेक इयत्ता पुढे. आपल्याकडे हिशोब मांडून पाहा: पाच इयत्ता, दर इयत्तेला चार पुस्तकं, म्हणजे 20 पुस्तकं. एका पुस्तकाचं भाषांतर, दोन शिक्षकांकडून तपासणी, चित्रं, मांडणी, छपाई आणि वर्गात चाचणी यांना आठ महिने धरले आणि एका गटानं एका वेळी दोनच पुस्तकं हातात घेतली, तर 20 पुस्तकांना सहा-सात वर्षं जातात. तोवर मूळ पुस्तक पुन्हा बदललेलं असतं. म्हणून भाषांतर समिती ही एकदाची समिती असून भागत नाही. ती कायमची लागते, आणि तिच्यात निदान दोन माणसं पगारी लागतात. 'पुस्तकं तयार झाली, आता काम संपलं' असं ज्यानं म्हटलं त्याची पुस्तकं चार वर्षांत कपाटात जातात.

सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे भाषा बदलण्याचं वर्ष. मोन आणि बर्मी यांच्यात लिपी जवळजवळ सारखी, त्यामुळे बाहेरच्याला वाटतं, मुलाला काय अवघड आहे. अवघड हेच आहे. दोन्हींत वर्ण क, ख, ग, घ याच क्रमानं येतात, आपल्यासारखेच. पण 'ग' हे अक्षर बर्मीत ग असं वाचतात, आणि मोनमध्ये त्याचा उच्चार 'क' असाच होतो, फक्त आवाज खालचा, श्वास मिसळलेला. मोनमध्ये पहिल्या आणि तिसऱ्या अक्षरातला फरक आता आवाजाच्या पोतात उरला आहे. बर्मीत पोताऐवजी सूर आहेत. म्हणजे मुलाला ओळखीचं अक्षर दिसतं आणि त्यातून अनोळखी ध्वनी काढायचा असतो. वाक्याची घडण तर उलटीच: मोनमध्ये कर्ता, क्रियापद, कर्म; बर्मीत क्रियापद शेवटी आणि नामामागे प्रत्ययांची माळ. त्यातून पुस्तकातली बर्मी आणि बाजारात बोलली जाणारी बर्मी यांचे प्रत्यय वेगळे, त्यामुळे बाजारात अस्खलित बोलणारा मुलगाही इतिहासाच्या धड्यात अडखळतो. पाच वर्षं बर्मी हा नुसता विषय म्हणून, तोही ती पक्की न येणाऱ्या शिक्षकाकडून झाला असेल, तर माध्यमिकच्या पहिल्या वर्षी मूल गप्प होतं. गप्प झालेलं मूल पुढच्या पावसाळ्यात शाळेत दिसत नाही. थायलंडच्या समुत साखोनमध्ये मासळी सोलण्याच्या कारखान्यांत काम मिळतं, आणि तिथे दाखला कोणी मागत नाही.

आपल्याकडे ही जागा वेगळी आहे, पण आहे. कोरकू आणि मराठी दोन्हींत क्रियापद शेवटी येतं, एवढी सवलत. पण कोरकूत नामाचा भेद सजीव-निर्जीव असा असतो, आणि मराठीत खुर्ची 'ती', पलंग 'तो', कपाट 'ते'. तिसरीतलं कोरकू मूल 'ती पलंग' म्हणतं तेव्हा ते आपल्या व्याकरणात अगदी शुद्ध असतं. ही चूक लाल शाईनं खोडायची नाही, हे शिक्षकाला आधी शिकवावं लागतं. मराठी पहिलीपासून कानावर पडली पाहिजे: गोष्टी, खेळ, सूचना, रोज अर्धा तास, लिहिणं नाही. दुसरीच्या शेवटी वाचन. लिंगाचा सराव तिसरीत, वस्तू हातात घेऊन. माध्यम एकदम एका जूनमध्ये बदलू नका. चौथीत गणित दोन भाषांत शिकवा आणि परिसर अभ्यास घरच्या भाषेतच राहू द्या, पाचवीत तोही दोन भाषांत. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी दोन भाषांची शब्दसूची हवी, पन्नास-साठ शब्दांची, आणि ती मुलाला तोंडपाठ हवी. अपूर्णांकाला एक शब्द घरच्या भाषेत शिकून पुढच्या वर्षी त्याच गोष्टीला दुसरा शब्द ऐकणारं मूल समजतं की ही नवीनच भानगड आहे.

शिक्षकांबद्दल थोडक्यात, कारण यात गूढ काही नाही. मोन शाळांचा शिक्षक बहुतेक वेळा त्याच गावचा तरुण किंवा तरुणी, हायस्कूल झालेला, मानधन सरकारी शिक्षकाच्या पगाराच्या अंशाएवढं. तो दोन-तीन वर्षं टिकतो आणि सरहद्द ओलांडतो. प्रशिक्षणावर केलेला खर्च त्याच्याबरोबर जातो. परदेशी देणगीदारांचा पैसा जोवर थायलंडच्या बाजूनं येत होता तोवर मानधन निघत होतं. 2011 नंतर ब्रह्मदेशात सुधारणांचे वारे वाहू लागले, देणगीदारांची कार्यालयं रंगूनला हलली, पैसा सरकारी वाटेनं जाऊ लागला, आणि सरहद्दीवरच्या शाळांच्या तिजोऱ्या रिकाम्या झाल्या. शांतता आली म्हणून शिक्षकाचं मानधन थांबलं, असा हा उफराटा प्रकार. गावानं भात दिला, राहायला जागा दिली, म्हणून शाळा चालल्या. भाताचा हिशोब आपल्याकडेही लावून पाहा: चार शिक्षकांची चूल वर्षभर पेटती ठेवायला किती घरांनी किती पायल्या द्यायच्या, हे शाळा उघडण्याआधी ग्रामसभेच्या ठरावात आकड्यांसकट लिहिलेलं असावं.

सरकारी शाळेत भाषेचा तास मिळवणं हा दुसरा मार्ग. आपल्याकडे तो पटकन मान्य होतो, कारण त्यात कोणाचं काही जात नाही. 30 सप्टेंबर 2014 च्या ब्रह्मदेशाच्या राष्ट्रीय शिक्षण कायद्यानं राज्यांना वांशिक भाषा प्राथमिकपासून शिकवण्याची मुभा दिली, आणि गरज असेल तिथे बर्मीच्या जोडीला शिकवण्याची भाषा म्हणून वापरायलाही परवानगी दिली. 'गरज असेल तिथे' हे तीन शब्द नीट पाहा; गरज आहे की नाही हे ठरवणारा हेडमास्तर असतो. सुरुवातीला हे तास शाळेच्या वेळेबाहेर, सकाळी आधी किंवा दुपारी सुटल्यावर असत. मूल दमलेलं, भुकेलं, आणि मित्र बाहेर खेळताहेत. जी भाषा शाळा सुटल्यावर शिकवतात ती मुलाच्या लेखी शिक्षा ठरते. परीक्षेत तिचे गुण नाहीत, मग पालकही दोन महिन्यांत विचारायचे थांबतात. पुढे तास वेळापत्रकात आले तिथे परिस्थिती सुधारली, पण आठवड्याच्या दोन-तीन तासांत भाषा ओळखीपुरती राहते. त्यातून गणित शिकता येत नाही. भाषा हा विषय असणं आणि भाषा हे माध्यम असणं यांतलं अंतर निवेदन लिहिताना पुसट होऊ देऊ नका. 'शाळेत कोरकूचा समावेश करावा' असं लिहिलंत, तर आठवड्याला एक गाणं मिळेल आणि मागणी मान्य झाली असं पत्र येईल.

तासांपेक्षा आम्हाला जास्त भरवसा वाटतो तो मोनांच्या उन्हाळी वर्गांचा. त्यांची चर्चा कमी होते. सरकारी शाळांना मार्च ते मे सुटी असते. त्या काळात मोन साहित्य आणि संस्कृती समित्या आणि विहारांतले भिक्खू मिळून गावोगावी मोन लिहा-वाचायला शिकवतात. जागा विहाराची, जेवण गावाचं, शिकवणारे बरेचसे थोरले विद्यार्थी. वर्ग वयानुसार नव्हे, पातळीनुसार: दहा वर्षांचा आणि सोळा वर्षांचा एकाच पाटीवर बसतात, आणि त्यात कोणाला लाज वाटत नाही कारण सगळ्यांना माहीत असतं की शाळेनं हे शिकवलेलंच नाही. शेवटी परीक्षा, बक्षीस, आणि अख्ख्या गावासमोर सोहळा. तासांचा हिशोब बोलका आहे. आठवड्याला दोन तास, वर्षाचे 36 आठवडे, म्हणजे 72 तास, तेही तुटक. उन्हाळ्यात रोज चार तास, आठवड्याचे सहा दिवस, सात आठवडे, म्हणजे 168 तास, सलग. सलग तासांत वाचन बसतं, तुटक तासांत अक्षरं विसरतात. आपल्याकडे अडचण एवढीच की मेळघाटात आणि गडचिरोलीत उन्हाळा हा मोह आणि तेंदूपत्त्याचा हंगाम. पोरं पहाटेपासून रानात असतात. तिथे वर्ग संध्याकाळी घ्यावा लागेल, किंवा दिवाळीच्या सुटीत, आणि ते गावानं ठरवावं. मोनांनी मार्च निवडला तो त्यांच्या भाताच्या पंचांगावरून. तुमचं पंचांग वेगळं आहे.

आता लिपीची एक किरकोळ वाटणारी गोष्ट, जिनं मोन लेखनाची दहा वर्षं खाल्ली. मोनला बर्मीत नसलेली काही अक्षरं लागतात. त्यांतलं एक म्हणजे मोनचा 'ङ', जो शब्दाच्या शेवटी सारखा येतो. ही अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना संगणकात ठरावीक जागा देणाऱ्या मानकात, 2008 साली, 5.1 या आवृत्तीत आली. पण तोवर ब्रह्मदेशात झॉजी नावाचा फॉन्ट घरोघरी पोचत होता. त्यानं मोन, करेन, शान यांच्या अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर बर्मीचीच जोडचिन्हं बसवली होती. परिणाम असा की, नियमानं टाइप केलेला मोन मजकूर बहुसंख्य फोनवर उघडला की 'ङ' च्या जागी काना आणि वर एक चिन्ह असला बर्मी तुकडा दिसे. तरुण मुलं फोनवर बर्मीत लिहू लागली, कारण तेवढंच वाचता येत होतं. 1 ऑक्टोबर 2019 पासून सरकारनं युनिकोडकडे वळायचं ठरवलं, मग घडी बसू लागली. कोणत्याही कायद्यानं मोनवर बंदी न घालता फोननं ती घातली होती. गोंडीच्या दोन लिप्यांपैकी मसराम गोंडी युनिकोडमध्ये 2017 ला आली, गुंजाळा गोंडी 2018 ला. युनिकोडमध्ये येणं म्हणजे फोनमध्ये येणं नव्हे. पुस्तक कोणत्या लिपीत काढायचं हे ठरवण्याआधी गावात चालणारे चार साधे, स्वस्त फोन घ्या, प्रत्येकावर त्या लिपीत एक वाक्य लिहा, दुसऱ्याला पाठवा आणि उघडून पाहा. चौकोन दिसले, तर निदान सुरुवातीची पुस्तकं दोन्ही लिप्यांत, डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरी, अशी छापा.

मोनांच्या कहाणीत अवघड प्रश्न आहे तो सत्तेचा. शाळा पक्षाच्या, पक्ष हत्यारबंद, त्यामुळे शाळेचं नशीब शस्त्रसंधीला बांधलेलं. लष्करानं पक्षाच्या सैन्याला आपल्या सीमा दलात यायला सांगितलं, पक्षानं नकार दिला, आणि 2010 मध्ये बोलणी तुटली. नवा करार व्हायला फेब्रुवारी 2012 उजाडला. मधल्या काळात सरकारी हद्दीतल्या मोन शाळांनी श्वास रोखून दिवस काढले. 13 फेब्रुवारी 2018 ला पक्षानं देशव्यापी शस्त्रसंधीवर सही केली. 1 फेब्रुवारी 2021 च्या उठावानंतर पक्षापुढे पेच पडला: सैन्याशी बोलायचं की लढायचं. नेतृत्वानं बोलणं चालू ठेवलं, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये एक गट हुकूमशाहीविरोधी म्हणवत फुटून निघाला. आणि ज्या सरकारी मॅट्रिकच्या भरवशावर सगळी वाट आखली होती, ती परीक्षा आता लष्करी राजवटीची झाली. तिला बसणं म्हणजे तिला मान्यता देणं, असं म्हणणारे घरोघरी आहेत. मान्यता दुसऱ्याच्या हातात ठेवण्याची ही किंमत. करेन शाळांना आज तीच अडचण कमी भेडसावते. म्हणजे वर आम्ही जिला शहाणपण म्हटलं, तिला हा उलटा पदरही आहे. तो झाकून ठेवणं बरं नाही.

स्वयंनिर्णय म्हणजे नुसती हत्यारं नव्हेत, हेही मोनांनी दाखवलं आहे. 2017 मध्ये मौलम्याईनहून चाउंगझोनला, म्हणजे समोरच्या बिलू बेटावर, जाणारा सालवीन नदीवरचा पूल पुरा झाला. केंद्रातल्या सत्ताधारी पक्षानं त्याला बर्मी स्वातंत्र्यलढ्याचे नेते जनरल आंग सान यांचं नाव दिलं. मोन लोक रस्त्यावर उतरले. मागणी एवढीच की नाव इथल्या लोकांना विचारून ठेवा. नाव बदललं नाही. मग 1 एप्रिल 2017 च्या पोटनिवडणुकीत चाउंगझोनच्या मतदारांनी त्या पक्षाला पाडलं, तेही दीड वर्षापूर्वीच त्या पक्षाची देशभर लाट आलेली असताना. पुलाच्या नावावरून चिडलेल्यांनी त्याच सुमाराला मोन तासाच्या शिक्षकाचं मानधन किती हे विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं आम्हाला वाटतं. पण नावावर माणसं जमतात आणि मानधनावर जमत नाहीत, हे तिकडेही तसंच. आणखी एक. मोन राज्यात करेन आणि पाओ मुलंही आहेत. मोनांनी स्वतःच्या भाषेसाठी मागितलेलं सगळं त्या मुलांनाही लागू होतं, आणि तिथे मोन कार्यकर्त्यांची जीभ थोडी जड होते. गोंडी शाळेत माडिया मूल आलं, कोरकू गावात निहाली बोलणारं घर असलं, तर आपली जीभ जड होईल का, हे आत्ताच पाहून ठेवायला हवं.

आता आपल्या दाखल्याकडे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावला ग्रामसभेनं 2019 मध्ये गोंडी शाळा सुरू केली, 2022 मध्ये तिला अनधिकृत ठरवणारी नोटीस आली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. ज्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 म्हणतं की शिकवण्याचं माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावं, त्याच कायद्याच्या कलम 18 खाली मान्यतेशिवाय चालणाऱ्या शाळेला एक लाखापर्यंत दंड आणि पुढे दर दिवशी दहा हजार. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगणारं राज्यघटनेचं 350-क कलम वेगळं, 2020 चं शिक्षण धोरण वेगळं. कलमं आपल्या बाजूची आहेत. दंडाचा आकडा विरुद्ध बाजूचा आहे.

म्हणून शाळेची पहिली घंटा वाजण्याआधी तीन कागद तयार ठेवावेत, अशी आमची विनंती. एक, मान्यतेचा अर्ज आणि त्याची पोच, ग्रामसभेच्या ठरावासह. उत्तर येवो न येवो, पोच हवी. दोन, प्रत्येक मुलाची नोंद: जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, इयत्ता, कोणत्या विषयात कुठवर आला, दर सहा महिन्यांनी. उद्या शाळा बंद पडली तर कलम 4 प्रमाणे वयानुरूप वर्गात जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेश मागताना हीच वही कामाला येते. तीन, जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी लेखी बोलणं, की चौथी-पाचवीनंतर मुलं तिथे येतील. दहावीला बाहेरून बसायचं म्हटलं तर 17 नंबरचा फॉर्म आहे, पण त्यालाही आधीच्या शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो. अनधिकृत शाळेचा दाखला कोणी घेत नाही, म्हणून मूल निदान एक-दोन वर्षं मान्यताप्राप्त शाळेच्या पटावर आलेलं असावं. पाचवीला आणलंत तर उत्तम. नववीला धावपळ करावी लागली तर उशीर झालेला असतो.

ज्यांच्याकडे हे तिन्ही कागद तयार आहेत, त्यांनी त्यांचे नमुने शेजारच्या तालुक्यातल्या ग्रामसभांना द्यावेत. जूनमध्ये शाळा उघडायची तर मार्चच्या ग्रामसभेत ठराव यायला हवा.

आपले,
भाषा आणि शिक्षण या विषयांचे काही अभ्यासक